बँकेतला बाक

मी बालाघाटच्या सहकारी बँकेतला बाक बोलतोय. उकव्याकडच्या जंगलातलं सागवान मी.

छप्पन साली नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं. "आता आपल्याले कोन पुसंल?" म्हणत मोतीलालजींनी घरोघर फिरून सभासद जमवले आणि भाड्याच्या दोन खोल्यांत बँक उघडली. आलेल्या माणसाला टेकायला जागा हवी, म्हणून पहिली वस्तू घेतली ती मी.

धान विकून आलेले शेतकरी, विड्या वळणाऱ्या बाया, खाणीतले मजूर माझ्यावर दाटीवाटीने बसायचे. मला ते ओझं आवडायचं.

पासष्टच्या उन्हाळ्यात बँकेचे अध्यक्ष मोतीलालजींच्या पत्नी, सत्यभामाबाई, आपल्या खात्यातलं सगळं काढून घेऊन गेल्या. धानाचा व्यापारी घनश्याम ते बघत होता. दुपारपर्यंत दारात झुंबड उडाली.

"अध्यक्षाची बायकोच पैसे काढून राह्यली, म्हंजे बँक बुडाली समजा!" घनश्याम ओरडला.

सगळ्यांना एकदम द्यायला एवढी रोकड कुठून असणार? मोतीलालजी नुसते हात जोडत होते. खरं कारण काही सांगेनात.

गलका ऐकून सत्यभामाबाई परत आल्या आणि माझ्यावर बसल्या. त्यांना धाप लागली होती.

"मी सांगतो यायले," त्या म्हणाल्या.

"काहून सांगतं? पुष्पाची सोयरीक मोडंल," मोतीलालजी कुजबुजले. पुष्पलता त्यांची एकुलती एक लेक.

"आन् या लोकायचं काय?" त्या उठल्या. "ऐका! मले टीबी हाय. इलाजाले नागपूरले जाऊन राह्यलो, म्हनून पैसे काढले. बँकेले काही झालं नाही."

विड्या वळणारी गोदाबाई पासबुक पदरात बांधून सगळ्यांत आधी माघारी वळली. मग एकेक जण निघाला. बँक वाचली.

त्याच आठवड्यात पुष्पलताची सोयरीक मोडली. सत्यभामाबाई नागपूरहून परतल्याच नाहीत. लोकांनी पैसे बँकेत राहू दिले, पण त्या बसल्या होत्या म्हणून माझ्यावर कुणी बसेना. मला रॉकेलने पुसलं, उन्हात ठेवलं, तरी माणसं आपली उभीच.

आता बँकेची नवी इमारत झालीय, आत खुर्च्या आल्यात. मी व्हरांड्यात असतो. पुष्पलता शाळेत शिकवते. पगार झाला की येते आणि माझ्या एका टोकाला बसते. लोक "नमस्ते बहनजी" म्हणतात, ख्यालीखुशाली विचारतात, आणि उभ्याउभ्याच निघून जातात.

तुम्ही कधी आलात, तर काही बोलू नका. तिच्या शेजारी जरा बसा.