पंख्याची दोरी

छताला टांगलेला पंखा एकदा पुढे गेला, मागे आला आणि डुलत डुलत थांबला. तहसीलदारसाहेबांनी मान वर केली. समोर आखाडा बाळापूरचे दोन भाऊ बांधाचं भांडण घेऊन उभे होते, त्यांतला थोरला बोलता बोलता गप्प झाला. साहेबांच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला आणि दाढीत शिरला.

"उत्तमराव," ते म्हणाले, "देखिये ज़रा."

उत्तमरावांनी टाक खाली ठेवला. कळमनुरीच्या कचेरीत त्यांची एकवीस वर्षं कारकुनी झाली होती आणि पंखा थांबला की काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. वळसा घालून मागच्या पडवीत जायचं आणि ओरडायचं. लाकडी दांड्याला लावलेल्या त्या लांबलचक कापडी पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून पडवीत जाई. तिथे एक माणूस दिवसभर बसून ती ओढत असे. कचेरीत त्या माणसालाही सगळे पंखाच म्हणत. हजेरीच्या कागदावर तर 'पंखाकश, एक' एवढंच लिहिलेलं असे, आणि ते लिहिणारे उत्तमरावच होते.

एकोणीसशे अडतीस सालचा वैशाख होता. अंगण ओलांडताना जमिनीची धग चपलेतून तळव्याला लागत होती.

"काय रे पंखा, झोपला का?" कोपऱ्यावरून वळता वळताच ते म्हणाले.

भिंतीला टेकून एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. उजव्या हाताची बोटं आखडून वाकडी झाली होती आणि डाव्या हातानं ती एकेक बोट सरळ करत होती. दोरी तिच्या मांडीवर पडली होती. उत्तमरावांना पाहताच तिनं पदर पुढे ओढला आणि घाईघाईनं दोरी धरली.

"तू कोण?"

"सिंधूबाई. घरधनी आजारी हायेत, मुन्शीजी."

"आजपासून?"

"चार दिस झाले. हिवताप हाये. मीच येऊन राहिले. तुमाला कळलं न्हाई, बराबर ओढत होते." ती खाली बघून बोलत होती. "आज सकाळी त्यायनं मला वळखलं न्हाई. तरी आले. खाडा पडला तर जागा जाईन."

 चार दिवस उत्तमरावांच्या मानेवर वारा येत होता. मागच्या सालीच पाणी भरणारा आठवडाभर आला नाही म्हणून त्याच्या जागी दुसरा ठेवला होता, आणि तो हुकूमही त्यांच्याच हातानं लिहिला गेला होता.

"रजेचा अर्ज द्यायचा ना," ते म्हणाले. "मी लिहून देतो. नाव सांग त्याचं."

सिंधूबाई दोरीला पीळ देत बसली. आपण काय विचारलं ते मग त्यांच्या ध्यानात आलं. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? पण त्याहून अवघड गोष्ट दुसरीच होती. अकरा वर्षं हा माणूस या भिंतीमागे बसत होता आणि उत्तमरावांना त्याचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी आठवून पाहिलं. चेहरा आठवला, डोक्याचा मळका पटका आठवला, दारातून ते आत शिरताना त्याचं उठून रामराम करणं आठवलं. नाव आठवलं नाही.

बाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि अंगणातल्या झाडाकडे बोट केलं.

"त्या झाडाचं हाये."

"लिंबाजी?"

तिनं मान डोलावली.

"आणि बापाचं?"

"सासऱ्याचंबी न्हाई घेत," ती कळवळून म्हणाली.

आतून साहेबांच्या टेबलावरची घंटी वाजली. पुन्हा वाजली. सिंधूबाईनं दोरी ओढली, पण बोटं मिटेनात. दोरी सुटून वर सरकली. उत्तमरावांनी ती पकडली.

"तू घरी जा," ते म्हणाले. "गाडी कर कुणाची तरी आणि दवाखान्यात ने. डॉक्टरला म्हणावं, तापाचं कोयनेल द्या."

"आन् हे?"

"मी बघतो."

ती दोन पावलं गेली, वळली, त्यांच्या हातातल्या दोरीकडे तिनं पाहिलं आणि मग पळतच निघाली.

कुणाला तरी बोलवावं म्हणून उत्तमरावांनी पडवीबाहेर नजर टाकली. अंगणात चिटपाखरू नव्हतं. घंटी तिसऱ्यांदा वाजली तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांनी दोरी ओढली.

पहिल्याच हिसक्याला आत कागद उडाले असावेत. "आहिस्ता!" असा साहेबांचा आवाज आला. त्यांनी हळू ओढली तर पंखा निम्म्यातच अडखळला. किती ओढायची आणि कुठे सैल सोडायची, ते हाताला कळेपर्यंत खांदे भरून आले. उजवा हात दमला की डावा, डावा दमला की दोन्ही. अंगठ्याच्या मुळाशी कातडी लाल झाली, मग तिथे फोड उठला. टाकानं पडलेला घट्टा मधल्या बोटावर होता, त्याचा इथे काही उपयोग नव्हता.

भिंतीच्या भोकातून आतलं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. धाकटा भाऊ बांधावरच्या बाभळीचं काही सांगत होता. मग शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाचा आवाज आला.

"आज पंखा पिऊन आलाय वाटतं."

दोघंतिघं हसले. उत्तमरावांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. गेल्या महिन्यात ते स्वतः म्हणाले होते, त्याच्या तोंडावर पाणी मारा, म्हणजे हलेल. तेव्हाही सगळे असेच हसले होते. उत्तमरावांनी मान वळवून भिंतीतल्या त्या भोकाकडे पाहिलं. मूठभर रुंद होतं.

किती वेळ गेला ते कळलं नाही. ऊन पडवीच्या पायरीवर चढलं. सदरा पाठीला चिकटला. आतले आवाज कधीतरी बंद झाले होते. साहेब काही वाचत असतील, असं त्यांना वाटलं. ते ओढत राहिले.

शिपाई हरिचंद तांब्या घेऊन हौदाकडे निघाला होता. तो वाटेतच थबकला.

"मुन्शीजी? तुमी काहून ओढून राहिले?"

"त्याची बायको होती. घरी पाठवली. साहेब थांबलेत का माझ्यासाठी?"

"साहेब?" हरिचंद म्हणाला. "साहेब जेवायला जाऊन घंटाभर झाला. आत कोणी न्हाई. सारे पुढच्या लिंबाखाली भाकर खाऊन राहिले."

दोरी हातातच होती. पंखा सवयीनं अजून मागेपुढे होत असावा. कप्पीची बारीक कुरकुर आली आणि थांबली.

"साहेब उठले की इथे येऊन कोण सांगतं?"

"कोणाला?"

"लिंबाजीला."

नाव ऐकून हरिचंदनं तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "त्याला कोण सांगन? तो आपला ओढून राहतो. साहेब आले, गेले, त्याला भिंतीतून काय दिसते?"

उत्तमराव उठायला गेले, तर गुडघे धरले होते. हरिचंदनं हात दिला. त्या हाताला धरून उभं राहत त्यांनी विचारलं, "त्यांच्या वडिलांचं नाव माहीत आहे तुला?"

त्यांच्या, हा शब्द हरिचंदला ऐकू आला. तो थोडा सावरून बोलला.

"मसाजी. वारले ते. चांगला माणूस व्हता."

उत्तमरावांनी त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. फोड आलेल्या हातानं त्यांनी अर्ज लिहिला. अक्षर वाकडं आलं. साहेब परतल्यावर त्यांनी तो पुढे ठेवला. साहेबांनी तो वाचला, मग उलटून मागची बाजू पाहिली.

"ये लिंबाजी वल्द मसाजी कौन हैं?"

"हुजूर, आप के दफ़्तर में ग्यारह साल से पंखा खींचते हैं."

"तो आज कौन खींच रहा था?"

"मैं, हुजूर."

शेजारच्या टेबलावर टाक थांबला. साहेबांनी उत्तमरावांच्या हाताकडे पाहिलं.  अर्जावर सही केली आणि खाली एक ओळ स्वतः लिहिली, की बदली माणूस ठेवावा, जागा याचीच राहील. बदलीवर तांड्यावरचा नेमसिंग आला.

लिंबाजी तेराव्या दिवशी कामावर आले. पटका डोक्याला मोठा झाला होता, गळ्याची हाडं वर आली होती. उत्तमराव दिसताच ते उठू लागले.

"बसा, बसा," उत्तमराव म्हणाले. "तब्येत कशी आहे?"

त्या 'बसा'नं लिंबाजी गोंधळले आणि अर्धवट उठलेले तसेच राहिले.

दुपारी साहेब जेवायला उठले. उत्तमराव त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडले, पण लिंबाखाली गेले नाहीत. पडवीत आले.

"लिंबाजी, दोरी सोडा. साहेब गेले."

लिंबाजींनी दोरी सोडली नाही. "काही चुकलं का, मुन्शीजी?"

"नाही. आत कोणी नाही. साहेब जातील तेव्हा मी नाहीतर हरिचंद येऊन सांगत जाऊ. ते परत येईपर्यंत तुम्ही पाणी प्या, पाय मोकळे करा."

 लिंबाजी तळहाताकडे बघत राहिले. अकरा वर्षांच्या दुपारी त्यांना मोजता आल्या नसत्या आणि उत्तमरावांनाही आल्या नसत्या.

"आत कोणी न्हाई म्हंता," शेवटी ते म्हणाले, "तर एक डाव बघू का?"

"काय?"

"पंखा. लटकलेला बघितला दारातून. हालताना कधी न्हाई बघितला."

उत्तमराव त्यांना पुढच्या दारानं आत घेऊन गेले. लिंबाजींनी चपला बाहेर काढल्या, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि आत येऊन भिंतीच्या कडेला उभे राहिले. साहेबांच्या खुर्चीवर, टेबलांवर, वर टांगलेल्या त्या लांब झालरीवर त्यांची नजर फिरली. झालरीला एका बाजूनं ठिगळ होतं.

"इथे या, मधोमध," उत्तमराव म्हणाले आणि बाहेर गेले.

पडवीत बसून त्यांनी दोरी हाताला गुंडाळली. फोडाच्या जागी नवी कातडी आली होती, ती अजून कोवळी होती. त्यांनी ओढली. आत कप्पी कुरकुरली. त्यांनी पुन्हा ओढली, मग आणखी जोरानं.

"येतोय का वारा?" त्यांनी भोकाशी तोंड नेऊन विचारलं.

 आतून लिंबाजींचा आवाज आला, शांत, कामातल्या माणसाचा.

"एवढा जोर नका लावू. सावकाश. तो परत येतो तवा सोडा."

उत्तमरावांनी हात सैल केला आणि पंखा परत यायची वाट पाहिली.