टोपीतलं गिऱ्हाईक

“गवतात एकटं दिसलं म्हणून पोरकं समजू नये रे. आई लांबून बघत असते त्याची. हात लावू नकोस.”

आपल्या आईचा पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज शिंपीमास्तरांना अगदी स्वच्छ ऐकू आला, पण जरा उशिरा. तोवर सशाचं पिल्लू त्यांच्या टोपीत बसलं होतं. दुकानामागच्या माळावर चिंध्या टाकायला गेलेला माणूस ससा घेऊन परतला.

बायको काजं करत बसली होती. लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली, त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून ‘दोरा संपला’ यापलीकडे बायकोच्या तोंडून फारसा शब्द निघाला नव्हता. पूर्वी सुईबरोबर तिचं गाणं चाले. आता नुसती सुई चाले. तिनं टोपीत डोकावून पाहिलं.

“अगं बाई! आई कुठाय याची?”

मास्तरांची एक सवय होती. अवघड प्रश्न आला की ते कॉलरला टोचलेल्या टाचण्या काढून तोंडात धरत. गिऱ्हाइकानं ‘कपडे कधी?’ विचारलं की दोन. लेकीनं ‘बाबा, जाऊ ना मी?’ विचारलं, तेव्हा सात. आत्ता त्यांनी चार धरल्या आणि मान हलवली. ती उभी की आडवी, ते ज्याचं त्यानं समजावं.

“म्हणजे पोरकंच,” बायकोनं समजून घेतलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी दुधाची पावडर दिली, ड्रॉपर दिला आणि बजावलं, “पाजून झालं की ओल्या कापसानं पोटाखाली हळूच पुसायचं. आई चाटते ना, तसं. नाहीतर त्याला व्हायची नाही.”

“काय व्हायची नाही?” मास्तरांनी विचारलं.

“तुम्ही मापं घ्या,” बायको म्हणाली. “बाकीचं मी बघते.”

मास्तरांनी मापं घेतली. वहीत लिहिलं: ‘लांबी साडेचार. कान दोन. कंबर – हलतंय.’ मखमलीच्या तुकड्याची पिशवी शिवली, अंग भरेल म्हणून दोन बोटं कापड आत दुमडून ठेवलं. नाव ठेवलं की लळा लागतो, म्हणून नाव ठेवायचं नाही असं ठरलं. दोघं त्याला नुसतं ‘गिऱ्हाईक’ म्हणू लागली, आणि व्हायचं ते झालंच.

तिसऱ्या संध्याकाळी मास्तर माळावर गेले. त्याच खळग्यापाशी एक मोठी ससीण मागच्या पायांवर उभी होती. वाकली, नाकानं गवत बाजूला सारलं, पुन्हा उभी राहिली. कान एकदा इकडे, एकदा तिकडे. मास्तर पाय न वाजवता मागे सरले आणि पिल्लू आणायला झपाझप घरी आले.

दारातच थांबले.

‘सशाच्या गं पिल्ला, तुझे कान किती लांब,
दूध आणते बाई, जरा पळभर थांब…’

आवाजावर चार महिन्यांचा गंज होता, पण सूर जिथल्या तिथे लागत होता. मास्तरांचा हात कॉलरकडे गेला. त्या वेळी तोंडात किती टाचण्या गेल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

गिऱ्हाईक वाढलं. एके दिवशी त्यानं वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाची बाही कोपरापर्यंत कुरतडली.

“मास्तर, यावर मी दावा लावू शकतो!”

मास्तरांच्या तोंडात टाचण्या. उत्तर बायकोनंच दिलं.

“लावा की. पण नोटीस आरोपीच्या हातात देऊ नका, तीही खाईल.”

आणि ती खदखदून हसली. वकीलसाहेब आधी बाहीकडे, मग तिच्याकडे बघत राहिले. शेवटी तेही हसले आणि अर्ध्या बाहीचा कोट ठेवून गेले.

महिनाभरात डॉक्टर म्हणाले, “गवत खातंय, उड्या मारतंय. आता सोडा.”

दिवस कलताना दोघं माळावर गेली. बायकोनं पिशवीचं बटण काढलं. गिऱ्हाईक बाहेर आलं, नाक हलवलं, आणि तीन उड्यांत गवतानं त्याला गिळलं. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

“गिऱ्हाइकाचीच जात,” बायको म्हणाली. “काम झालं की ओळख नाही.” मग पदरानं नाक पुसत म्हणाली, “बिचारं. आईचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.”

मास्तरांचा हात कॉलरकडे गेला. तीन टाचण्या निघाल्या, तोंडात गेल्या. बायकोनं ते पाहिलं. तिनं तळहात त्यांच्या हनुवटीखाली धरला.

“द्या इकडे.”

एकेक करून तीनही टाचण्या तिच्या हातावर पडल्या.

“आली होती,” मास्तर म्हणाले. “त्याची आई. तिसऱ्याच दिवशी. इथेच शोधत होती. मी पाहिली.”

बायकोनं टाचण्यांवर मूठ मिटली.

“मग तेव्हा का नाही बोललात?”

मास्तरांनी कॉलर चाचपली. टाचण्या तिच्या मुठीत होत्या.

“तू गात होतीस,” ते म्हणाले.