वरच्या मजल्यावर कोणी आहे का

"अहो, सोडा," मी म्हटलं. "हात सोडा माझा."

नवऱ्याने सोडला नाही. मी ओढला तसा आणखी घट्ट धरला. पलंगाच्या पायथ्याशी चष्मेवाले तरुण डॉक्टर उभे होते आणि पलीकडे सिस्टर सलाइन बघत होत्या. मी दोघांकडे विजयाने पाहिलं. "बघा! म्हणे ओळखत नाहीत. ओळखत नसते तर एवढा घट्ट धरला असता का?"

डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजावं, आता आपल्याला लहान मुलासारखं समजावून सांगणार.

"काकू, ही पकड त्यांची नाहीये."

"मग कोणाची? तुमची?"

"म्हणजे, तशी ती माकडाची आहे."

माझं डोकंच फिरलं. माणूस डोक्यात रक्तस्राव होऊन इतके दिवस पडलाय, डोळे उघडतो तेही छताकडे बघायला, आणि हा कालचा मुलगा त्याला माकड म्हणतोय. सिस्टरनी मान फिरवली. हसू आलं असणार.

"रागावू नका. माकडाचं पिल्लू आईच्या केसांना लटकलेलं असतं ना? आई या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारते. तेव्हा पिल्लाने विचार करत बसून कसं चालेल? हाताला लागलं की धरायचं, बस. जी धरायची ती जगली. आपली झाडं सुटली, अंगावरचे केस गेले, पण ती सवय मेंदूच्या तळाशी राहिली. आपलं नुकतं जन्मलेलं बाळसुद्धा बोट असंच धरतं. त्याला कुठे माहीत असतं तुम्ही कोण ते?"

"आम्हाला मूल नाही," मी म्हटलं.

 डॉक्टर कानापर्यंत लाल झाले बिचारे. मग खिशातला कागद काढून त्यांनी त्यावर तीन मजली घर काढलं.

"हा तळमजला. श्वास, छातीचे ठोके. मासा, बेडूक, पाल, सगळ्यांकडे हा असतो. हा मधला. भूक, भीती, राग, माया. आणि हा वरचा, सगळ्यांत शेवटी बांधलेला. इथे 'मी' राहतो. मी आहे, समोर दुसरं कोणी आहे, त्यालाही माझ्यासारखंच दुखतं-खुपतं, हे समजणारा. अगदी ढोबळ चित्र आहे हे, परीक्षेत काढलं तर नापास करतील मला. पण काकांच्या खालच्या मजल्यांवर दिवे आहेत. वर कोणी आहे का, तेच कळत नाही."

"मग जिना चढून बघा ना!"

"तेच करतोय. धरायला सगळ्यांनाच येतं, काकू. सांगितल्यावर सोडायला मात्र वरचा माणूस लागतो. तो जागा झाला की खालच्याला दटावतो, उगाच धरू नकोस. बाळाची पकडसुद्धा पुढे अशीच आपोआप जाते."

हे शेवटचं मी धड ऐकलंही नाही. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की गुरुवारी मोठे डॉक्टर येणार आणि 'सोडा' म्हणणार. नवऱ्याने सोडलं तर त्यांना व्यायामाच्या वॉर्डात नेणार, चालण्या-बोलण्याचे प्रयत्न करणार. नाही सोडलं तर शहराबाहेरच्या केंद्रात. तिथे नुसती पडून असलेली माणसं ठेवतात आणि घरच्यांना फक्त रविवारी येऊ देतात.

सिस्टरनी करंगळीपासून एकेक बोट उलगडून माझा हात सोडवला. मी पिशवी उचलली आणि निघाले.

आता माझ्या नवऱ्याकडून 'सोडा' म्हणून काही सोडवायचं! माझा जन्म गेला त्यात.

हा माणूस शिलाई मशीन दुरुस्त करायचा. माझं मशीन दुरुस्त करायला म्हणून पहिल्यांदा आमच्या घरी आला आणि पुढे माझ्याशी लग्न करून बसला. गल्लीत सगळे त्यांना मशीनवाले म्हणत, आणि मी शिवणवाली. घरी दोन खोल्या. त्यातली एक माझी, मशीन आणि कापडांची. दुसरी आम्हा दोघांची म्हणायची, पण तिथे राहत होते पत्र्याचे डबे. झिजलेले स्क्रू, तुटलेल्या सुया, फाटके पट्टे, कुठल्या काळातल्या बॉबिन. "टाकून द्या हो," म्हटलं की म्हणायचे, "लागतं कधीतरी." भांडणाचंही तसंच. मी विसरून जायची, हे आठवडाभराने भाजी चिरता चिरता म्हणायचे, "त्या दिवशी तू म्हणालीस ते बरोबर नव्हतं." अशा माणसाशी संसार करताना डोक्याचा भुगा होतो. डॉक्टरांनी हे कुठल्या मजल्यावर काढलं असतं कोण जाणे.

एकच दिवस मला वेगळा आठवतो. शाळेच्या गणवेशांची घाई होती आणि मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली. मी "आई गं!" ओरडले. हे शेजारच्या खोलीतून धावत आले. मला वाटलं, हात खेचून काढतील. पण त्यांनी माझं मनगट अलगद धरलं, दुसऱ्या हाताने मशीनचं चाक केसाकेसाने उलटं फिरवलं आणि सुई वर घेतली. बोट माझं, आणि घाम त्यांना फुटलेला. दुसऱ्याच दिवशी एका डब्यातून पत्र्याचा तुकडा शोधून त्यांनी सुईसमोर आडोसा बसवला. "बघ, लागतं कधीतरी," म्हणाले. त्यानंतर मी साधी ठेच लागून "आई गं" म्हटलं तरी आतून आवाज यायचा, "काय झालं?" उत्तर देईपर्यंत पुन्हा पुन्हा. वैताग नुसता.

डॉक्टरांनी तीन मजले काढून दाखवले त्या दिवशी दवाखान्यातून घरी आले तर दार उघडं. माझे दीर आत डबे पोत्यात भरत होते.

"हे काय चाललंय, भावोजी?"

"वहिनी, तुम्हीच तर म्हणायचात, टाकून द्या म्हणून. जरा मोकळं करतोय. आणि मी केंद्रात बोलून ठेवलंय. जागा आहे म्हणाले."

"गुरुवार अजून यायचाय."

"गुरुवारी काय नवीन होणार आहे? दादा नाही राहिला आता, वहिनी. शरीर आहे नुसतं. तुम्ही रोज जाता, हात धरून बसता, घसा बसेपर्यंत बोलता. तुमच्याकडे बघवत नाही."

दीर मनाने वाईट नाहीत. पण मी भडकले. डबे टाका म्हणायचा हक्क माझा होता. तो मी एवढ्या वर्षांच्या वादावादीतून मिळवला होता.

"ठेवा ते खाली," मी म्हटलं. "सगळे. होते तिथे."

ते डोक्याला हात लावून निघून गेले. मी एकटीने पोतं रिकामं केलं. एकेक डबा फळीवर परत लावला आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. शेवटच्या डब्याचं झाकण निसटलं आणि त्याच्या कडेने उजव्या हाताचं बोट चांगलंच कापलं. नेमकं शिवणाचं बोट.

गुरुवारपर्यंत मी रोज शिकवणी घेतली. सकाळी जाऊन हात हातात द्यायचा आणि सुरू. "सोडा. अहो, सोडा. एकदाच सोडा, मग हवं तर जन्मभर धरा." शेजारच्या पलंगावरच्या आजोबांची सून म्हणाली, "काकू, आमचे सासरेसुद्धा आता झोपेत 'सोडा, सोडा' म्हणतात." आजोबा झोपेत शिकले. माझा नवरा तेवढा सोडेना.

गुरुवारी मोठे डॉक्टर आले. मागे चष्मेवाले, त्यांच्या मागे सिस्टर. दीर भिंतीला टेकून उभे. मोठ्या डॉक्टरांनी नवऱ्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "डोळे मिटा," म्हणाले. मिटले नाहीत. आपली दोन बोटं तळहातावर ठेवली. नवऱ्याने ती गपकन धरली. "आता सोडा." नाही. "सोडा बघू." नाही. शेवटी सिस्टरनी सोडवली.

"नाही," मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले. वाईट बोलले नाहीत ते. पण पुढच्या पलंगाकडे वळलेसुद्धा.

माझा तोल गेला. मी पलंगावर वाकले, नवऱ्याच्या हातात माझा उजवा हात कोंबला आणि दबक्या आवाजात भांडायला लागले. "एकदा, आयुष्यात एकदा माझं ऐकलं असतंत तर काय बिघडलं असतं? केंद्रात टाकतायत तुम्हाला. रविवारी, फक्त रविवारी भेटायचं! बाकीचे दिवस मी कोणाशी भांडू?"

नेमकी त्या वेळी त्यांची मूठ आवळली गेली. बोटाला बांधलेली पट्टी सकाळीच हात धुताना निघाली होती. कापलेलं बोट असं चेचलं गेलं की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"आई गं!"

हात उघडला. हळूहळू सैल झाला नाही. पाचही बोटं एकदम उघडली, गरम तव्याला लागल्यासारखी.

"डॉक्टर! सोडला! सोडला त्यांनी!"

सगळे धावत परत आले. "पुन्हा करा," मोठे डॉक्टर म्हणाले. मी डावा हात दिला. नवऱ्याने धरला. मी तोंड वाकडं करून "आई गं" म्हटलं. काही नाही. आणखी जोरात म्हटलं. आजोबांची सून उठून बघायला आली, पण माझा नवरा ढिम्म.

"योगायोग असू शकतो," मोठे डॉक्टर म्हणाले. दिरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मी झटकला. यांना कसं सांगायचं, की या माणसाला माझी नाटकं कधीच खपली नाहीत?

चष्मेवाले मात्र माझ्या बोटातून आलेल्या रक्ताकडे बघत होते. "सर, उद्यापर्यंत थांबूया," ते म्हणाले. मोठे डॉक्टर घड्याळ बघत "बरं" म्हणाले. सिस्टरनी माझ्या बोटाला जाडजूड पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी गेले, खुर्चीत बसले आणि सवयीने हात त्यांच्या हातात दिला.

त्यांनी धरला नाही.

मी हात हलवला. तळव्यावर दाबला. त्यांची बोटं तशीच, उघडी, पलंगावर पडलेली.  इतके दिवस माकडाची म्हणा, कोणाची म्हणा, ती पकड होती. आता तीही गेली. मला वाटलं, खालच्या मजल्यांवरचेही दिवे गेले. मी सिस्टरना हाका मारायला लागले.

चष्मेवाले पळत आले. त्यांनी आपलं बोट तळहातावर ठेवलं, घासलं. पकड नाही. मग ते नवऱ्याच्या चेहऱ्यावर वाकले. "काका, डोळे मिटा."

बराच वेळ काही झालं नाही. मग पापण्या हळूहळू खाली आल्या.

"उघडा."

उघडल्या.

"काकू!" डॉक्टर ओरडलेच. "अहो, ते आहेत! पकड गेली कारण वरून कोणीतरी दटावलं तिला! सांगितलं होतं ना तुम्हाला, बाळाची जाते तशी?" आणि ते मोठ्या डॉक्टरांना आणायला तसेच पळाले. सिस्टर डोळे पुसत हसत होत्या. दिरांना फोन गेला, ते तिकडे रडायला लागले. मोठे डॉक्टर आले, त्यांनी स्वतः तपासलं आणि व्यायामाच्या वॉर्डात जागा करायला सांगितली. सगळे माझं अभिनंदन करत होते, जणू परीक्षेत मीच पास झाले.

मग सगळे आपापल्या कामाला गेले आणि आम्ही दोघं उरलो.

नवरा छताकडे बघत नव्हता. नजर खाली उतरली होती. मी तिचा माग घेतला, तर ती माझ्या बोटावरच्या पट्टीवर थांबलेली.

"काही नाही हो," मी म्हटलं. "जरासं कापलंय. डबा लागला."

पट्टीचं बोट मी पदराखाली घेतलं आणि डावा हात त्यांच्या हातात दिला. "हा घ्या. याला काही झालं नाही. धरा." तोही त्यांनी धरला नाही. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण मला रडूही आलं. इतके दिवस सोडा सोडा म्हणून घसा कोरडा केला, आणि सोडल्यावर हाताला नुसता वारा लागत होता.

थोड्या वेळाने सिस्टर दारात आल्या. "काकू, भेटायची वेळ संपली. हात सोडवून देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "आज मी धरलाय."