तीन इंचांचा फोटो

हे बघ, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. कालपासून मला घास गिळवत नाहीये.

माझं काम तुला माहितीये ना, नव्या इमारतींत वीज वाचवायचे नियम पाळलेत का ते बघायचं. गच्चीवर फरशी बसायच्या आधी, ऊन अडवणारे फोमचे तक्ते किती जाड टाकलेत ते टेपने मोजायचं, फोटो काढायचा, सही करायची. नियम तीन इंचांचा. आणि या एका इमारतीत टाकलेले एक इंची. मी म्हटलं, सही मिळणार नाही. बिल्डरचा सुपरवायझर दात काढत म्हणाला, मॅडम, मग ताबा दोन महिने लांबला आणि घरं महागली, बसा नियम कुरवाळत.

आता तिथलंच, अगदी गच्चीखालच्या मजल्यावरचं एक घर नेमकं माझ्या आत्याचं. जुन्या घरमालकाने तिला महिनाअखेरची मुदत दिलेली, अर्धा संसार खोक्यांत. तिचा फोन आला, अगदी रडकुंडीला आलेली. "मी उकाडा सोसेन गं बाळा, पण तोवर जाऊ कुठे?"

मग काय, फोटोपुरते एक इंची तीन तुकडे एकावर एक रचले, टेप मी धरली, फोटो सुपरवायझरने काढला, आणि मी सही केली. आत्या राहायला गेली आणि मी पण खूश, कुणाचं काय बिघडलं म्हणून.

काल दुपारी तिच्याकडे गेले, तर शेजारची बाई चार महिन्यांचं बाळ घेऊन जिन्यात बसलेली. घरात बसवतच नाही म्हणे. एसी लावला की बिल बघून नवरा चिडतो, बंद केला की छत नुसतं भाजतं. बाळाची मान घामोळ्याने लालभडक. अगं, सोसायचं कबूल केलं होतं आत्याने, या बाईला कुणी विचारलं होतं?

तिने तक्रारीचा अर्ज पुढे केला. ताई, तुम्हाला यातलं कळतं असं तुमच्या आत्या म्हणाल्या होत्या, कारण तेवढं नीट लिहून द्या. तेवढ्यात आत्याने मला आत ओढलं. स्वतःच्या मानेवर ओला नॅपकिन, आणि मला म्हणते, "घामोळं काय, आठवड्यात जातं. नोकरी गेली की परत येत नाही. गप्प बस."

मी बाहेर आले आणि लिहिलं, तक्ते एक इंची आहेत, तीन इंची हवेत. खाली एक रकाना होता, तपासणी कुणी केली. तो तसाच सोडला.

बाई म्हणाली, "असू दे ताई, ते मी ऑफिसात विचारून भरते."

माझ्याच ऑफिसात, अगं. उद्या दहाला येणार आहे ती. अजून एक फोन करून सांगता येईल तिला, की तिथे माझं नाव लिहा. नंबर काढते आणि परत फोन ठेवते, सकाळपासून हेच चाललंय. खरं सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?