सगळ्यांचे 'छान' लिहून घेणारा क्लिपबोर्ड

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही काखोटीला मारता ना, त्याच जातीचा मी एक जुना क्लिपबोर्ड आहे. तुम्ही मला पॅड म्हणता. चालेल.

लाकडाचा भुसा दाबून माझे अंग केले आणि डोक्यावर स्टीलचा चाप ठोकला. माझे भाऊबंद शाळांत गेले. मी मात्र गेलो एका बालगृहात, अधीक्षक बाईंच्या टेबलावर. ज्यांना आपल्या घरी राहता येत नाही, अशी मुले तिथे राहत.

माझे काम एकच. कोणाला दुसऱ्या बालगृहात हलवायचे असले की ती यादी माझ्या चापात बसे. बाई मला घेऊन दारात उभ्या राहत, नाव वाचत आणि ते मूल मुकाट्याने कपडे भरू लागे. "इतकी वर्षं झाली, पण चाप बघा कसा कडक!" बाई म्हणत, आणि मी फुशारून जाई. मला पाहताच मुले गप्प होत. मला वाटे, काय ही शिस्त!

मग एक संशोधिका आली. अशा घरांत वाढणाऱ्या मुलांच्या मनात काय चालते, त्यांना कसली मदत हवी, हे तिला शोधायचे होते. मुलांना विचारून, रीतसर परवानगी घेऊन ती आली होती. फक्त स्वतःचे पॅड घरी विसरली. बाईंनी कौतुकाने मला तिच्या हातात दिले.

तीन दिवसांत ती चौदा मुलांशी बोलली. झोप? छान. भूक? छान. भीती वाटते? छे! शेवटी ती कागदांसकट मला घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसली.

"मावशी, माझं दोन वर्षांचं पोरसुद्धा इतकं सुखी नाही हो!"

स्वयंपाकाच्या मावशी बटाटे सोलत होत्या. "सुखी कसली, अहो! ह्या पॅडवर नाव चढलं की पोर इथून हलतं. ह्याच्यासमोर कोण म्हणेल, मला बरं नाही? 'बरं नाही' म्हणजे 'मला न्या'!"

मित्रांनो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले.

संशोधिकेने मला ओट्यावर उपडे ठेवले आणि ती तडक बाईंकडे गेली. परत आली ती एक कागद घेऊन. खिडकीबाहेर मागच्या पायरीवर त्या चौदांपैकी एक सोळा वर्षांची मुलगी बसली होती. नखे कुरतडून तिची बोटे लाल झाली होती. तिची आठ वर्षांची बहीण, जिला सगळे भोपळी म्हणत, तीही याच घरात होती.

"चूक माझी," संशोधिका तिच्या शेजारी टेकली. "आधीच सांगायला हवं होतं. तू मला सांगशील त्यावरून कोणालाही हलवणार नाहीत. ही बघ बाईंची सही. तुझ्या जिवाला धोका वाटला, तरच मी दुसऱ्या कोणाला सांगेन. तेही आधी तुला सांगून."

मुलीने सही दोनदा वाचली.

"मला झोप येत नाही," ती म्हणाली. "चार महिने झाले. माझा डोळा लागला आणि भोपळीला नेलं तर? आणि हे सांगितलं तर मला वेडी ठरवून आम्हाला वेगळं करतील ना?"

"वेडी? दमलीयस गं तू. एवढ्याशा जिवानं चार महिने पहारा दिलास!"

मुलीने असा श्वास सोडला, की मावशींच्या हातातली सुरी थांबली.

मुलीला विचारून संशोधिकेने ते बाईंना सांगितले. बाईंनी लगेच वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले. मग दोघी बहिणींनी एकत्रच राहायचे, असे वरून लेखी आणून त्यांनी तो कागद मुलीच्याच हातात दिला. दर आठवड्याला मनाचे डॉक्टर येऊ लागले. उरलेल्या तेरा मुलांशी संशोधिका पुन्हा बोलली, तेव्हा 'छान' फार थोडे निघाले.

मी आता स्वयंपाकघरातच असतो. आत्ताच भोपळी धावत आली. "मावशी! ताई झोपली! शाळेतून आली ती बूटसुद्धा न काढता! घोरतेय!"

"मग बोंबलतेस कशाला, भोपळे? हळू!"

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, एवढेच मी एरवी मागितले असते. आज आणखी एक मागतो. कोणी 'छान' म्हणाले की लगेच खूण करून मोकळे होऊ नका. खरे बोललो तर आपले काय होईल, याची त्याला भीती तर नाही ना, ते आधी बघा.

बाकीचे पुन्हा केव्हातरी. आत ती अजून झोपली आहे.