डावीकडे आता कपाट नाही

माझा धाकटा भाऊ गोलकीपर आहे, आणि गेलं वर्षभर अख्खं गाव त्याला 'फाटक' म्हणत होतं. गेल्या वर्षी प्ले-ऑफच्या शेवटच्या पेनल्टीला तो एका बाजूला उडाला आणि चेंडू दुसऱ्या बाजूने रमतगमत आत गेला, तेव्हापासून. तो दुकानात शिरला की मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, दार लावून घ्या. भाऊ हसायचा, पण माझ्याकडे जेवायला यायचा तो मागच्या गल्लीने. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याला टाकून बोलायचं तर मी बोलेन, मी त्याची थोरली बहीण आहे. बाकीच्यांचा काय संबंध?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हंगाम संपला की वरचे दोन संघ सरळ वरच्या विभागात जातात आणि पुढचे चौघे उरलेल्या एका जागेसाठी एकमेकांच्या उरावर बसतात. ते प्ले-ऑफ. यंदा आम्ही तिसरे आलो, उपांत्य सामना रडतखडत काढला आणि अंतिम सामना आमच्याच मैदानावर आला. भावाचा क्लबशी करार संपत होता. वर गेलो तर नवा करार, नाहीतर हातमोजे खुंटीला आणि जन्मभर फाटक. आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात ताटं पुसता पुसता तो एवढंच म्हणाला, "ताई, ह्या वेळी जमायलाच हवं." ताट केव्हाच कोरडं झालं होतं, तरी पुसत होता.

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, पण सामन्याच्या दिवशी ते मैदानावर निवेदक असतात. घरात बोलायला मिळत नाही म्हणून भाऊजी तिकडे जातात, असं भावाचं म्हणणं. निवेदकाची खोली प्रेक्षकांच्या डोक्यावर, एक टेबल आणि दोन खुर्च्या मावतील एवढीच. मायक्रोफोनच्या दांड्यावर एक खटका आहे, तो दाबून धरला तरच आवाज जातो. आणि ह्यांचा तर हातवारे केल्याशिवाय शब्द फुटत नाही. म्हणून आम्ही कपडे वाळत घालायचा चिमटा आणला. हे बोलायला लागले की मी चिमटा खटक्याला लावायचा, बोलून झालं की काढायचा. क्लब नवा मायक्रोफोन द्यायला तयार होता, आम्हीच नको म्हटलं. संसारात एवढी एकच गोष्ट आम्ही न भांडता करतो.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला आणि टायब्रेकर लागला. आमच्या पोरांनी एकामागून एक पेनल्ट्या आत घातल्या. पाचवीही गेली तेव्हा ह्यांनी खेळाडूचं नाव असं काही ओरडून सांगितलं, की हात लागून त्यांचा स्वतःचाच चष्मा उडाला. चष्म्याशिवाय ह्यांना मैदानही दिसत नाही आणि चष्माही. मी टेबलाखाली शिरले, धुळीतून तो शोधला, पदराने पुसला, त्यांच्या नाकावर बसवला. ह्या गडबडीत चिमटा तसाच राहिला.

आता समोरच्या संघाची पाचवी, शेवटची पेनल्टी; ही अडली की आम्ही जिंकलो. आधीच्या चारही आत गेल्या होत्या, कारण भाऊ चारही वेळा उजवीकडे उडाला होता आणि चेंडू चारही वेळा डावीकडे गेला होता. का, ते फक्त मला माहीत होतं. लहानपणी आम्ही झोपायच्या खोलीत मोज्यांचा गोळा करून खेळायचो. त्याच्या उजव्या हाताला गादी होती, डाव्या हाताला लाकडी कपाट. कपाटावर एकदा कपाळ फुटलं, आणि तेव्हापासून हा गडी आयुष्यभर गादीकडेच उडत आला.

माझा जीव टांगणीला लागला होता. मी माझ्याशीच पुटपुटले, "अरे गधड्या, ह्या वेळी तरी डावीकडे उडी मार. डावीकडे आता कपाट नाही."

हे वाक्य मैदानाच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून परत येऊन माझ्याच कानावर आदळलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चिमट्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. खाली सगळं मैदान खो-खो हसायला लागलं. पंचांनी आमच्या खोलीकडे बोट दाखवलं, मी चिमटा काढला. त्यांचा पेनल्टी मारणारा पोरगा चेंडूपाशी उभा राहून एकदा आमच्या खोलीकडे, एकदा भावाकडे बघत होता. बिचाऱ्याला विचार करायला वेळ मिळाला, आणि तोच त्याला भोवला.

भावाने वर पाहिलं. इतक्या लांबूनही मला कळलं, तो हसत होता.

पोराने धाव घेतली आणि चेंडू मारला भावाच्या उजव्या हाताला. भाऊ नेहमीसारखाच गादीकडे उडाला आणि चेंडू त्याच्या दोन्ही पंजांवर आपटून बाहेर गेला.

पुढचं नीट आठवत नाही. हे मायक्रोफोनशिवायच ओरडत होते आणि सगळ्यांना ऐकू जात होतं. मी खुर्चीवर चढले होते, का ते विचारू नका. अनोळखी माणसं एकमेकांना उचलून घेत होती. मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

भाऊ जिना चढून वर आला तो नखशिखांत चिखलात. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि विचारलं, एवढं जगजाहीर सांगूनही डावीकडे का गेला नाहीस?

"तो पोरगा थोरल्या बहिणीचं ऐकणारा दिसला, ताई," तो धापा टाकत म्हणाला. "त्याला वाटलं, मीही ऐकेन."

मग त्याने टेबलावरचा चिमटा उचलून स्वतःच्या कॉलरला लावला आणि तसाच खाली नाचायला गेला. दुसऱ्या दिवशी जेवायला आला तो भर रस्त्याने, पुढच्या दाराने. येताना चौकातल्या न्हाव्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळे त्याला हाका मारत होते. फाटक आता कोणी म्हणत नाही. त्याचं नवं नाव पडलंय, कपाट.