पहिला चमचा

कुलूप तुटल्याचा आवाज आला तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आवाज कशाचा, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. हातातली उशीची ओली खोळ तशीच टाकून ती स्वयंपाकघरात धावली. आप्पा फ्रीझरपुढे उकिडवे बसले होते. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात चॉकलेट आइस्क्रीमचा टब. मग हातोडा मांडीखाली सरकवून ते चार बोटांनी टब खरवडायला लागले. हनुवटीवरून तपकिरी ओघळ बनियनवर उतरत होता.

फ्रीझरला लावायची साखळी आणि कुलूप तिनेच परवा आणलं होतं. त्याआधीचं छोटं कुलूप त्यांनी सुरीच्या टोकाने उघडलं होतं.

"आप्पा, थुंका," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. तोंड भरलेलं होतं.

तिने टब ओढला. त्यांनी हातोडा उचलून मारला, तो तिच्या मनगटापासून चार बोटांवर फ्रीझरच्या दाराला लागला आणि पत्र्यात खोलगट वाटी पडली. मग तिचंही भान सुटलं. तिने त्यांना जमिनीवर पाडलं, छातीवर गुडघा रोवला, नाक चिमटीत धरलं आणि श्वासासाठी तोंड उघडताच आत बोट घालून तो गार चिखल बाहेर ओढायला लागली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचे दात किती शाबूत असू शकतात, ते तिला त्या दिवशी कळलं. ते बोटात रुतले आणि सुटेनात. तिने मोकळ्या हाताने त्यांच्या गालावर चपराक मारली. तेव्हा सुटले.

बोटाचं नख अर्धं उखडलं होतं. फरशीवर रक्त आणि चॉकलेट एकत्र पसरलं होतं. आप्पा धापा टाकत म्हणाले, "मुंगे, बापावर हात टाकलास."

"हो," ती म्हणाली.

लहानपणी ती गोडाच्या मागे असायची म्हणून त्यांनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. पन्नाशीला आली तरी ते सुटलं नव्हतं.

वीस मिनिटांनी त्यांच्या छातीत आग उठली. तिला ती वीस मिनिटं पाठ झाली होती. आधी ढेकर, मग छातीवर मूठ, मग माणूस भिंतीला धरून वाकायचा आणि आंबट पाणी घशाशी येऊन नाकातून बाहेर पडायचं. तिने बोटाला पट्टी बांधलेल्या हातानेच त्यांना धरून बसवलं, पाठीशी तीन उशा लावल्या. ते तिच्या दंडात नखं रोवून कण्हत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी हे सोप्या शब्दांत सांगितलं होतं. पोटाच्या तोंडाशी झडप असते, ती आप्पांची सैल पडली आहे. आइस्क्रीम गार असतं म्हणून आग विझल्यासारखी वाटते, ती वीस मिनिटं. मग त्यातली साय पोटात ठाण मांडते, चॉकलेट आणि पेपरमिंट झडप आणखी ढिली करतात, आणि आम्ल उलटं चढतं. "विस्तवावर गार तूप ओतताय तुम्ही," बाई म्हणाल्या होत्या. इतक्या वर्षांच्या जळण्याने अन्ननलिका आतून खरवडून निघाली होती आणि एका जागी आवळत चालली होती. आणखी आवळली तर अन्न उतरणार नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना विचारलं, की बाईंनी आयुष्यात कधी चांगलं आइस्क्रीम खाल्लंय का.

त्यांनी बेचाळीस वर्षं आइस्क्रीमचा कारखाना चालवला होता. कारखाना म्हणजे तीन खोल्या, दोन मशिनं आणि पुढे दुकान. तिथे त्यांचा एक नियम होता. प्रत्येक घाण्याचा, म्हणजे मशीनमधून एका वेळी निघणाऱ्या मालाचा, पहिला चमचा त्यांनी खायचा, आणि गिळायचा. गिळला तर माल पास. दुसरे कारखानदार चाखून थुंकतात, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांचा तिटकारा होता. ज्याला आपला माल गिळवत नाही त्याने तो लोकांच्या पोरांना विकू नये, असं ते म्हणत. थुंकणाऱ्या कामगाराला ते हाकलत. हाकलण्याआधी मारत.

ती बारा वर्षांची असताना पेपरमिंटचा घाणा निघाला होता. त्यांनी कौतुकाने पहिला चमचा तिला दिला. तो जिभेला झोंबला आणि तिने पचकन फरशीवर थुंकला. त्यांच्या हातात लांब दांड्याचं स्टीलचं उलथनं होतं. ते तोंडावर बसलं. पुढचा अर्धा दात मशीनखाली गेला तो सापडलाच नाही. आईने फरशी पुसायला घेतली. दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, दुसरा चमचा भरून मुकाट्याने तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत गिळत राहिला. कारखाना पुढे दादाला मिळाला, यात तिला कधी नवल वाटलं नाही.

कुलूप तुटल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात दादा भेटला. हातात पिशवी होती. पिशवीत काहीतरी गार असणार, कारण खालून पाणी ठिबकत होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात कारखान्याचे टब नेहमीच असायचे, पण ते आपोआप येत नाहीत, एवढं तिला इतके दिवस कसं सुचलं नव्हतं. तिने पिशवी हिसकावली आणि आतल्या दगडासारख्या टबासकट ती त्याच्या कानशिलावर हाणली. तो दोन पायऱ्या खाली गेला, कठड्याला आपटला, भुवई फुटली.

"बापाला मारायला निघालास?" तिने विचारलं.

तो पायरीवर बसला. डोळ्यात उतरणारं रक्त त्याने बाहीने पुसलं. रागावला नाही, याचंच तिला भय वाटलं.

"मला चव कळत नाही गं," तो म्हणाला. "कधीच कळली नाही. गिळता येतं तेवढं."

मग त्याने हळूहळू सांगितलं. आप्पा घरी बसल्यापासून प्रत्येक घाण्याचा एक टब तो त्यांच्याकडे आणत होता. ते सांगायचे, दूध लागलंय, साखर चढलीय, यंत्राची पाती घासून घे. त्यांनी गिळल्याशिवाय त्याने एकही घाणा दुकानात लावला नव्हता. ती आप्पांना चोर समजत होती. ते कामावर जात होते. पहिला चमचा कामाचा असायचा. पुढचे कशामुळे जात, ते तिला न सांगताही कळलं: छाती जळत असायची आणि समोर गारवा असायचा.

"मग थुंकायला सांग त्यांना," ती म्हणाली.

दादा हसला. "तू सांग. तुझा अर्धाच दात गेलाय अजून."

तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, आप्पांनी नुसतं चाखून थुंकलं तर चालेल का. बाईंनी सांगितलं, की पोटात गेलंच नाही तर वर येणार काय. मात्र झोपायच्या तीन तास आधी, आणि खुर्चीत ताठ बसून.

तिने ते त्याच दुपारी केलं. आप्पांना खुर्चीत बसवलं, मध्ये बादली ठेवली, समोर पेपरमिंटचा टब. दादा भुवईला पट्टी लावून दाराशी उभा राहिला. ती समोरच्या स्टुलावर बसली, चमचा भरला, जिभेवर घोळवला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत बादलीत थुंकला.

थप्पड येणार हे तिला माहीत होतं. तरी कान वाजला. दादा पुढे झाला, तिने हातानेच त्याला थांबवलं. दुसरा चमचा भरला, घोळवला, थुंकला. या वेळी त्यांनी उलट्या हाताने मारली आणि तिचा ओठ त्या अर्ध्या दातावर फाटला. तिसऱ्या वेळी बादलीत हिरव्यासोबत लाल पडलं. आप्पांचा हात वर गेला होता. तो तसाच राहिला.

"पेपरमिंट जास्त झालंय," ती म्हणाली. बोलताना ओठ जड लागत होता.

"जास्त नाही," आप्पा म्हणाले. आवाज घोगरा होता. "अर्क शिळा आहे. इथून वास येतोय."

"वासावर माल पास करता तुम्ही?"

"तोंड सांभाळून बोल, मुंगे."

"मग चाखा आणि सांगा."

त्यांनी तिच्या हातातून चमचा ओढून घेतला. भरला. तोंडात धरला. गळ्याचा उंचवटा वर गेला, खाली येऊ पाहत होता, आणि त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग ते वाकले आणि थुंकले. थुंकल्यावर बादलीला लाथ मारली. ती घरंगळत दादाच्या पायांशी गेली.

"अर्क शिळाच," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "टाकून दे सगळा घाणा." संध्याकाळ झाली. आग उठली नाही.

पाच महिने असं चाललं. मंगळवारी आणि शुक्रवारी दादा टब आणायचा, आप्पा चाखायचे, शिव्या देत थुंकायचे, निकाल सांगायचे. पुन्हा कुलूप लावावं लागलं नाही. फ्रीझरच्या दारावर हातोड्याने पडलेल्या वाटीत ती किल्ल्या अडकवायचं चुंबक चिकटवायची. पण अन्ननलिकेतली आवळलेली जागा बेचाळीस वर्षांची होती, पाच महिने तिला पुरले नाहीत. आधी पोळी अडकायला लागली, मग भात, मग पाणी. ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा आप्पांनी सलाईन उपटून डॉक्टरीणबाईंच्या दिशेने फेकली. त्यांना घरी आणलं.

शेवटच्या शुक्रवारी दादा साध्या दुधाचा घाणा घेऊन आला. दारातच थांबला. आप्पांना आता खुर्चीत बसवत नव्हतं. तिने उशा रचल्या, एका हाताने बादली त्यांच्या गालाशी धरली आणि चमचा नको म्हणून बोटावर थोडंसं आइस्क्रीम घेतलं. तेच बोट होतं. नख वाकडंच उगवलं होतं.

बोट ओठांत गेल्यावर तिने अंग चोरलं. त्यांनी चावलं नाही. जिभेने ते बोटावरून काढून घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. तिने बादली जवळ सरकवली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं नाही.

नाक चिमटीत धरावं, तोंड उघडावं, ओढून काढावं, हे सगळं तिच्या हातांना येत होतं. तिने बादली खाली ठेवली.

गळ्याचा उंचवटा वर गेला. अडखळला. फार वेळाने खाली आला.

"काय म्हणाले?" दादाने दारातून विचारलं.

"गिळलं," ती म्हणाली.

दादाने टबाचं झाकण दाबून बसवलं आणि घाणा दुकानात लावायला गेला.